तितराचे नाव कुणी ठेवले?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

हिवाळ्यातल्या सकाळी वर्ध्याहून सेलूच्या किंवा आर्वीच्या वाटेने निघालात आणि एखाद्या पांदणीच्या तोंडाशी घटकाभर थांबलात, तर तुरीच्या वावरापलीकडून एक आवाज बहुधा ऐकू येतो. आधी दोन-तीन बारीक ठोके आणि मग चढत जाणारा, ठसठशीत सूर : क-ती-तर, क-ती-तर, क-ती-तर. एकाने सुरुवात केली की लांबच्या धुऱ्यावरून दुसरा त्याला उत्तर देतो. हा आपला राखी तितर. अर्धवट वाढलेल्या गावठी कोंबडीएवढा, आखूड शेपटीचा, मातीच्या रंगाचा. उडण्यापेक्षा पळण्यावर याचा भरवसा जास्त. सालिम अली यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ हे पुस्तक १९४१ साली प्रथम निघाले. त्यांनीही या पक्ष्याची हाक ‘कतीतर-कतीतर’ किंवा ‘पतीला-पतीला’ अशाच अक्षरांत बांधली आहे.

माझ्या लहानपणी आमच्या शेजारच्या वावरात एक म्हातारे आबाजी होते. मी त्यांना विचारले होते, “आबाजी, या पाखराचं नाव तितर कोणी ठेवलं?” कापूस वेचता वेचता ते म्हणाले, “आयक गा पोरा, त्याचं नाव ठेवाले कोनी कायले पायजे? तो सोताच आपलं नाव सांगते.” त्या दिवशी मला हे उत्तर पुरले. पुढे मात्र या नावाने मला बरेच हिंडवले. त्या हिंडण्याची ही हकीकत आहे.

आम्ही घरात बोलायचो ती दखनी वळणाची हिंदुस्तानी, आणि उंबरठ्याबाहेर वऱ्हाडी. घरात या पक्ष्याला ‘तीतर’ म्हणत, वावरात ‘तितर’. पाचवी-सहावीत असताना ‘माझा आवडता पक्षी’ या निबंधात मी वावरातला शब्द लिहिला. आमच्या गुरुजींनी त्यावर लाल शाईची काट मारली आणि वर लिहिले ‘तित्तिर’. वही परत देताना ते म्हणाले, “हा तुमच्या घरचा शब्द झाला. मराठी शब्द लिहीत जा.” गुरुजी मनाने वाईट नव्हते. माझी पहिली कविता शाळेच्या फळ्यावर त्यांनीच लिहिली. पण ते वाक्य काट्यासारखे आत राहिले. मला घरचा शब्द वेगळा आणि मराठी वेगळी, असे कधी वाटलेच नव्हते.

भाषा कुणाची, हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ साली येथेच स्थापन झाली. १९४२ साली गांधीजींनी हिंदुस्तानी प्रचार सभा काढली तीही येथेच, आणि नागरी व उर्दू या दोन्ही लिप्या शिकाव्यात असा त्यांचा आग्रह होता. मोठ्या माणसांचा तो मोठा वाद. माझा वाद एका पाखरापुरता होता.

मी बी. ए. झालेला साधा माणूस. भाषाशास्त्राचा पंडित नव्हे. पण कविता लिहिणाऱ्याला शब्दकोश चाळण्याची खोड असते. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६ सालचा. राल्फ टर्नर यांचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश १९६०च्या दशकातला. अशा ग्रंथांच्या संगतीत एक गोष्ट हळूहळू उलगडली. गुरुजींचा ‘तित्तिर’, वावरातला ‘तितर’ आणि घरातला ‘तीतर’ हे तीन शब्द नव्हेतच. तो एकच शब्द आहे, तीन वयांतला.

हे कसे, ते पाहू. संस्कृतातला ‘सप्त’ प्राकृतात ‘सत्त’ झाला आणि मराठीत ‘सात’. ‘कर्म’चे ‘कम्म’ आणि मग ‘काम’. ‘हस्त’चे ‘हत्थ’ आणि मग ‘हात’. जोडाक्षराचे ओझे उतरले आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. त्याच वाटेने ‘तित्तिर’मधला जोड ‘त्त’ सुटला आणि हिंदी-उर्दूत ‘तीतर’ झाला. मराठीत शब्दाच्या आरंभीची अशी ‘ई’ बहुधा ऱ्हस्व पडते, म्हणून आपल्याकडे ‘तितर’. म्हणजे माझ्या दादीच्या तोंडचा शब्द आणि पाणिनीच्या तोंडचा शब्द यांच्यात परकेपणा नाही, फक्त काळाचे अंतर आहे.

पाणिनीचे नाव उगाच घेतले नाही. ‘तैत्तिरीय’ हा शब्द ‘तित्तिरि’पासून कसा साधायचा, यासाठी त्याच्या अष्टाध्यायीत सूत्र आहे. तैत्तिरीय संहिता, तैत्तिरीय उपनिषद ही नावे आपण ऐकतो, पण त्यांत तितर बसला आहे हे ध्यानात येत नाही. विष्णुपुराणात त्याची कथा आहे. गुरू वैशंपायन याज्ञवल्क्यावर रागावले आणि शिकवलेले परत दे म्हणाले. याज्ञवल्क्याने ते ओकून टाकले. तेव्हा इतर शिष्यांनी तितरांचे रूप घेऊन ते यजुर्मंत्र टिपले, म्हणून त्या शाखेला तैत्तिरीय नाव पडले. व्याकरणकारांच्या मते मात्र तित्तिरी हे एका ऋषीचे नाव. काही असो, जमिनीवर सांडलेले दाणे टिपणारा पक्षी कथाकाराच्या चांगल्या ओळखीचा होता.

इथवर हिशेब आपल्या देशातला झाला. खरे नवल पुढे आहे.

तितराच्या नावाचे नातेवाईक शोधत गेले की माणूस थेट बाल्टिक समुद्राच्या काठी पोचतो. लिथुआनियन भाषेत एका पक्ष्याचे जुने नाव आहे ‘तेतेर्वास’. रशियनमध्ये त्यालाच ‘तेतेरेव’ म्हणतात. पोलिश, चेक, सर्बियन या भाषांतही याच घडणीची नावे आहेत. लिथुआनियन, लाटव्हियन या बाल्टिक भाषा आणि रशियन, पोलिश वगैरे स्लाव्हिक भाषा यांचे मिळून एक घराणे मानतात. त्याला बाल्टो-स्लाव्हिक म्हणतात. या घराण्याचे संस्कृताशी असलेले नाते अनेक साध्या शब्दांतून दिसते. संस्कृतात मुलगा म्हणजे ‘सूनु’, लिथुआनियनमध्ये ‘सूनुस’. आपला ‘अग्नि’, त्यांचा ‘उग्निस’. आपला ‘धूम’, म्हणजे धूर, त्यांचा ‘दूमाइ’. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत भाषण करताना संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असे सांगितले, तेव्हापासून हा शोध चालू आहे.

तेतेरेव हा पक्षी आपला तितर नव्हे. तो उत्तरेकडच्या बर्चच्या रानात आणि दलदलीच्या माळावर राहणारा, काळ्या पिसांचा आणि वीणेसारख्या वळलेल्या शेपटीचा. वसंतात भल्या पहाटे नर एका उघड्या जागी जमतात, एकमेकांसमोर मिरवतात आणि घुमत राहतात. त्याचा आणखी मोठा भाऊबंद युरोपच्या रानात आहे. त्याचे रशियन नाव ‘ग्लुखार’, म्हणजे बहिरा. गाताना एका क्षणी त्याला काहीच ऐकू येत नाही आणि शिकारी तेवढ्यात पावले पुढे टाकतो. हे सगळे पक्षी आणि आपला तितर, मोर, कोंबडी एकाच मोठ्या कुळातले. पक्षी वेगळा, कूळ एक. नावाचेही तसेच असेल काय?

अशा वेळी भाषाशास्त्रज्ञ काय करतात, तर सगळी नावे ओळीने मांडतात आणि त्या सर्वांचा पूर्वज कसा असेल याचा अंदाज बांधतात. बाल्टो-स्लाव्हिक नावांच्या मागे साधारण ‘तेतेर्व’ असे रूप असावे आणि त्याच्याही मागे ‘तेतेर’, असे ते सांगतात. असे रूप लिहिताना त्याच्या डोक्याशी एक तारा (*) काढतात. तारा म्हणजे कबुली : हा शब्द कुणी लिहिलेला सापडलेला नाही, कुणी ऐकलेलाही नाही, आम्ही तो हिशेबाने काढला आहे. एकोणिसाव्या शतकात आउगुस्ट श्लायखर या जर्मन पंडिताने ही पद्धत रूढ केली. मला हा तारा फार आवडतो. आपल्याला ठाऊक आहे ते कुठे संपते आणि तर्क कुठे सुरू होतो, हे तो एका चिन्हात सांगतो.

पण इथे आबाजी आडवे येतात. पाखरू स्वतःच आपले नाव सांगत असेल, तर दोन देशांत सारखी नावे असणे यात नवल ते काय? आपण कावळ्याला काक म्हणतो, आणि तमिळमध्येही तो ‘काक्कै’ आहे. तमिळ ही संस्कृताच्या घराण्यातली नव्हे. कोकिळेच्या जातीच्या एका पक्ष्याला तुर्की भाषेत ‘गुगुक’ म्हणतात आणि लॅटिनमध्ये ‘कुकूलुस’. या साम्यावरून तुर्क आणि रोमन भाऊ ठरत नाहीत. दोघांनी एकच हाक ऐकली, इतकेच. त्यामुळे आवाजावरून पडलेल्या नावांवर भाषाशास्त्रज्ञ सहसा विसंबत नाहीत. ही शंका रास्त आहे, आणि तितराच्या बाबतीत ती कशी सुटते ते पाहण्यासारखे आहे.

पहिला साक्षीदार उत्तर युरोपातला आहे. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे आजच्या नॉर्वे-आइसलँडच्या पूर्वजांच्या भाषेत, त्या ‘बहिऱ्या’ पक्ष्याला ‘थिदुर’ म्हणत. आता गंमत पाहा. संस्कृतातल्या ‘त’च्या जागी जर्मानिक भाषांत नेमाने ‘थ’ येतो. आपला ‘त्रि’, इंग्रजीत ‘थ्री’. आपला ‘तनु’, म्हणजे सडपातळ, इंग्रजीत ‘थिन’. आपली ‘तृषा’, इंग्रजीत ‘थर्स्ट’. परीकथा जमवणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी याकोब ग्रिम याने १८२२ साली हा नियम मांडला. ‘थिदुर’मध्येही पहिल्या ‘त’चा नेमका ‘थ’ झालेला आहे. रानातला पक्षी काही एका शतकात त-त करून दुसऱ्या शतकात थ-थ करू लागला नसेल. बदल पक्ष्याच्या गळ्यात झाला नाही, माणसाच्या तोंडात झाला. म्हणजे हा बदल घडला त्याच्या आधीच ते नाव त्या लोकांच्या बोलण्यात होते. ते वारशाने आलेले होते.

दुसरा साक्षीदार इराणातला. फारसीत एका सुंदर रानपक्ष्याला ‘तज़र्व’ म्हणतात. इंग्रजीत ज्याला फेझंट म्हणतात तो हा. सुरूच्या झाडाखाली डौलाने चालणारा तज़र्व फारसी कवितेत अनेकदा भेटतो. या नावाचे शेपूट पाहा : ‘र्व’. लिथुआनियन ‘तेतेर्वास’मध्येही तेच ‘र्व’. पक्ष्याच्या हाकेत ‘व’ कुठेच नाही. हाक ऐकून नाव ठेवणाऱ्या दोन अनोळखी माणसांनी, एकाने इराणात आणि दुसऱ्याने बाल्टिकच्या काठी, हाकेत नसलेले तेच अक्षर त्याच जागी जोडावे, हा योगायोग मानणे कठीण आहे. ग्रीक भाषेतही या घराण्याचे ‘तेत्राओन’ असे नाव आहे. लिनेयसने १७५८ साली प्राण्यांना शास्त्रीय नावे दिली तेव्हा त्याच्या लॅटिन रूपावरून या पक्ष्यांच्या गणाला ‘तेत्राओ’ म्हटले.

तिसरा साक्षीदार आपला स्वतःचा आहे, आणि तो थोडा उलट साक्ष देतो. मूळ भाषेतल्या ‘ए’चा संस्कृतात ‘अ’ होतो, हा पक्का नियम आहे. लॅटिनमध्ये ‘एस्त’, जुन्या लिथुआनियनमध्ये ‘एस्ति’, संस्कृतात ‘अस्ति’. लॅटिनमध्ये ‘देकेम’, संस्कृतात ‘दश’. या नियमाने ‘तेतेर’चे संस्कृतात ‘ततर’ व्हायला हवे होते. फारसीने तो नियम पाळला, ‘तज़र्व’च्या आरंभी ‘त’च आहे. संस्कृताने मात्र ‘तित्तिर’ केले. ही ‘इ’ कुठून आली?

पांदणीत उभे राहा, म्हणजे कळेल. क-ती-तर, क-ती-तर. भारतात ज्याला हे नाव मिळाले तो पक्षी रोज पहाटे ‘ती-ती’ करीत होता. नियम एकीकडे ओढत होता आणि पाखरू दुसरीकडे. पाखरू जिंकले. ‘तित्तिर’ हे जुन्या नावाचे इथल्या हाकेवर पुन्हा सूर लावून घेतलेले रूप असावे. कुणी म्हणेल, ते इथेच नव्याने पडलेले नाव आहे. त्या बाजूनेही बोलता येते, कारण संस्कृत रूपात ते ‘र्व’ शेपूटही नाही. पण उरलेला सगळा गोतावळा पाहता मला पहिली बाजू पटते. घराण्यातून आलेले वाद्य आणि इथल्या मातीत लावलेला सूर. आबाजीही बरोबर आणि पंडितही बरोबर.

नाव पुढे गेले, पक्षी मागे राहिले, हे यातून दिसते. माणसे स्थलांतर करतात तेव्हा जुन्या रानातला पक्षी बरोबर नेता येत नाही. नव्या रानात त्याच्यासारखा, जमिनीवर दाणे टिपणारा, पहाटे ओरडणारा कुणी दिसला की ती म्हणतात, हा आपला तोच. कुणाच्या वाट्याला दलदलीतला तेतेरेव आला, कुणाच्या वाट्याला तज़र्व, आपल्या वाट्याला धुऱ्यावरचा तितर. ओळखीचे नाव अनोळखी पाखराला देणे, म्हणजे परक्या मुलुखाला आपला मुलूख म्हणायला शिकणे. हे काम माणसाने किती वेळा केले असेल!

आणि ऐकण्याचे तरी काय? पावशा ओरडतो तेव्हा मराठी शेतकऱ्याला ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ऐकू येते. हिंदीत तोच पपीहा ‘पी कहाँ’ विचारतो. इंग्रज साहेबाला त्याच हाकेत ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू आला. माझी दादी तितर बोलू लागला की काम थांबवून म्हणायची, “सुन, क्या कह रहा है? सुब्हान तेरी क़ुदरत.” हे बोल मूळचे उत्तर हिंदुस्थानातल्या काळ्या तितराचे. आपल्या रानात त्याचा भाऊ रंगीत तितर आहे, त्याची हाक त्याच चालीची. पण दादीला कुठलाही तितर चाले. उत्तरेत या हाकेची मोठी मौज सांगतात. भाविक हिंदूला त्यात ‘राम, सीता, दशरथ’ ऐकू येते, भाजीवाल्याला ‘लहसुन, प्याज, अदरक’, आणि पहिलवानाला ‘दंड, बैठक, कसरत’. पाखरू एकच गोष्ट सांगते आणि ऐकणारा आपल्या गाठीचे ऐकतो. आमच्या वावरात मात्र दादी आणि आबाजी एकाच धुऱ्यावर बसून तो आवाज ऐकत. ती क़ुदरत ऐके, ते नाव ऐकत, आणि शिदोरी एकमेकांच्या फडक्यातली खात.

आता काळजीचे एक सांगतो. तितराला धुरा लागतो, बोरीबाभळीची झुडपे लागतात, पडीत गवताळ तुकडा लागतो. त्याचे घरटे म्हणजे जमिनीवरचा एक खळगा. आमच्या भागात धुरे अरुंद होत चालले, तणनाशकाने कडेचे गवत जळते, झुडपे जाळली जातात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. शिकारीपासून तो तितराला जपतो, पण धुऱ्याला जपणारा कायदा नाही. फासेपारध्यांना तितराची हुबेहूब हाक काढता येई आणि रानातला तितर त्या हाकेला फसून उत्तर देई. ती शिकार थांबली हे बरेच झाले. पण हाक ऐकून ती ओठांवर घेणारे कान आणि तोंडेही आता विरळ झाली. परवा माझ्या नातीने चित्राच्या पुस्तकात तितर ओळखला आणि विचारले, “दादाजान, इसका नाम ऐसा क्यों है?” तिला उत्तर देणारा आवाज खिडकीबाहेर नव्हता. संस्कृताच्या नियमावर मात करणारा तो शिक्षक गैरहजर होता. पाखरू गेले तरी शब्द कोशात राहील, पण त्याच्या डोक्याशी एक तारा काढावा लागेल : कुणी ऐकलेला नाही.

पाली जातककथांत एक तितर आहे. एका वडाखाली तितर, माकड आणि हत्ती राहत. आपल्यात वडील कोण, हे ठरेना. हत्ती म्हणाला, मी लहान होतो तेव्हा हे झाड माझ्या पोटाखालून जाई. माकड म्हणाले, मी जमिनीवर बसून याचा शेंडा खात असे. तितर म्हणाला, दुसरीकडे एक वड होता. त्याचे फळ मी खाल्ले आणि बी इथे टाकली. तिचेच हे झाड. तेव्हा दोघांनी तितराला वडीलपणाचा मान दिला.

भाषेत वडील कोण आणि पाहुणा कोण असा वाद निघाला की मला ही गोष्ट आठवते. झाड माझे म्हणणारे पुष्कळ असतात. बी कुठून तरी दुसरीकडून आलेली असते, आणि ती आणणाऱ्याने सातबारा मागितलेला नसतो.

गुरुजी आता हयात नाहीत. असते तर मी वही घेऊन गेलो असतो आणि म्हणालो असतो, “सर, तुमचा तित्तिर बरोबर होता. आणि आमच्या घरचा तितरसुद्धा.” मला वाटते, त्यांनी आपल्या हाताने ती काट खोडली असती.

वाचकहो, या हिवाळ्यात एकदा नातवंडांना घेऊन पहाटे पांदणीत जा. नाव तुम्ही सांगू नका. त्यालाच सांगू द्या.